कायदा आणि त्याचे पाठीराखे : सस्कॅचेवन प्रांतातील वैद्यकीय विम्याचा प्रश्न (१९५९–१९६४)

लोकहिताचा एखादा कायदा विधिमंडळात संमत झाला म्हणजे त्यामागील चळवळीचे कार्य संपले, अशी समजूत राजकीय इतिहासाच्या लेखनात पुष्कळदा आढळते. कायद्याची मागणी, निवडणुकीतील जय, विधेयकावरील वाद आणि अखेरीस संमती, या क्रमाने कथा सांगितली जाते. संमतीनंतर ती प्रशासनाच्या स्वाधीन होते. परंतु ज्या कायद्याचा लाभ सर्व समाजाला थोडाथोडा पोहोचावयाचा असतो आणि ज्याचा जाच एका लहान पण सुसंघटित वर्गाला एकदम जाणवतो, त्या कायद्याची खरी कसोटी संमतीनंतरच लागते. लाभार्थी विखुरलेले असतात. लाभ अद्याप हाती आलेला नसतो. उलट विरोधकांना आपले काय जाणार हे आधीच ठाऊक असते. अशा वेळी कायद्याचे पाठीराखे कोठे असतात, त्यांना कोण एकत्र आणते आणि एकत्र आल्यावर त्यांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

कॅनडातील सस्कॅचेवन प्रांताचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या प्रांताच्या विधानसभेने नोव्हेंबर १९६१ मध्ये वैद्यकीय विम्याचा कायदा संमत केला. प्रांतातील सर्व रहिवाशांच्या डॉक्टरी उपचारांचा खर्च सार्वजनिक निधीतून भागविण्याची उत्तर अमेरिकेतील ही पहिलीच प्रांतव्यापी योजना होय. कायदा अंमलात आला तो १ जुलै १९६२ रोजी, आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी आपले दवाखाने बंद केले. हा संप तेवीस दिवस चालला. त्याची हकीकत सामान्यतः सरकार आणि डॉक्टर यांच्यातील द्वंद्व म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखात तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे कायद्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सामान्य नागरिकांचा, विचार करावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका : गावोगावची वैद्यकीय व्यवस्था

सस्कॅचेवन हा गव्हाचा मुलूख. १९६१ च्या शिरगणतीनुसार तेथील लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आसपास होती आणि ती अफाट माळरानावर विरळपणे पसरलेली होती. अशा प्रदेशात केवळ खाजगी व्यवसायावर डॉक्टरचा निर्वाह होणे कठीण असे. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या काळातच तेथील काही ग्रामीण म्युनिसिपालिट्यांनी करातून पगार देऊन डॉक्टर नेमण्यास सुरुवात केली. १९१६ साली अनेक म्युनिसिपालिट्यांनी मिळून रुग्णालय चालविण्याचा मार्गही कायद्याने मोकळा झाला. १९३० नंतरच्या दशकात गव्हाचे भाव कोसळले, पाठोपाठ अवर्षण आले, आणि रोग्यांपाशी डॉक्टरांना देण्यास पैसा उरला नाही. त्या आपत्तीत ‘म्युनिसिपल डॉक्टर’ ही सोय राहिली नाही, गरज बनली.

या व्यवस्थेचा एक परिणाम आरोग्याच्या पलीकडचा होता. डॉक्टर कोणता नेमावा, कर किती बसवावा, रुग्णालय कोठे बांधावे, हे प्रश्न शेतकऱ्यांनीच सभा भरवून सोडविले होते. सहकारी गहू विक्री संघ, सहकारी भांडारे, शाळा समित्या यांच्या जोडीला वैद्यकीय सेवाही लोकांच्या सामाईक कारभाराचा भाग झाली होती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सीमूर मार्टिन लिप्सेट यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रांतातील शेतकऱ्यांचा स्थानिक संस्थांतील सहभाग हाच तेथील राजकारणाचा पाया असल्याचे दाखविले आहे.

याच पायावर को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सी. सी. एफ., हा समाजवादी पक्ष उभा राहिला. जून १९४४ च्या निवडणुकीत त्याने विधानसभेच्या ४७ जागा जिंकल्या. वेबर्नचे माजी बॅप्टिस्ट धर्मोपदेशक टॉमी डग्लस हे प्रांताचे मुख्यमंत्री झाले आणि आरोग्य खातेही त्यांनी स्वतःकडे ठेवले. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहासाचे प्राध्यापक हेन्री सिगेरिस्ट यांना त्यांनी प्रांताच्या आरोग्यसेवेची पाहणी करण्यास बोलाविले. हेच सिगेरिस्ट १९४४ च्या अखेरीस भोर समितीचे सल्लागार म्हणून हिंदुस्थानात आले होते, हा योगायोग भारतीय वाचकास लक्षणीय वाटेल.

लोकसंघटनाच्या दृष्टीने यानंतरचा महत्त्वाचा टप्पा स्विफ्ट करंट विभागाचा. नैर्ऋत्येकडील या विभागात पिटव्हिल म्युनिसिपालिटीचे चिटणीस विल्यम ब्यूराक यांनी शेजारच्या म्युनिसिपालिट्यांशी पत्रव्यवहार करून आणि सभा घेऊन आरोग्य विभागाच्या स्थापनेसाठी लोकमत तयार केले. नोव्हेंबर १९४५ मध्ये मतदान झाले आणि १ जुलै १९४६ पासून सुमारे पन्नास हजार लोकांसाठी सामाईक वैद्यकीय योजना सुरू झाली. येथे कायदा वरून आला होता, पण त्याचा उपयोग करावा हा निर्णय खालून झाला होता. विभागातील डॉक्टरांनीही या योजनेत भाग घेतला. १ जानेवारी १९४७ पासून सर्व प्रांतात रुग्णालय विमाही सुरू झाला. त्याची वार्षिक वर्गणी माणशी पाच डॉलर होती.

२. विधेयक, निवडणूक आणि समर्थनाचे गृहीतक

डॉक्टरी उपचारांच्या विम्याला मात्र पैशाअभावी थांबावे लागले. १९५७ च्या संघीय कायद्यानुसार १९५८ पासून रुग्णालय विम्याच्या खर्चाचा मोठा भाग केंद्र सरकार उचलू लागले, तेव्हा प्रांताच्या तिजोरीस उसंत मिळाली. १६ डिसेंबर १९५९ रोजी डग्लस यांनी आकाशवाणीवरील भाषणात नव्या योजनेची पाच तत्त्वे जाहीर केली : आगाऊ वर्गणी, सर्वांचा समावेश, सेवेचा उच्च दर्जा, सार्वजनिक संस्थेकडे कारभार, आणि सेवा देणारे व घेणारे या उभयतांना मान्य होईल अशी रचना. यातील पाचव्या तत्त्वाने पुढे सरकारला पुष्कळ अडचणीत आणले. कारण डॉक्टरांनी आपली संमती हीच योजनेची पूर्वअट असल्याचा अर्थ त्यातून काढला.

जून १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढविली गेली. प्रांतातील डॉक्टरांच्या ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स’ या संस्थेने आपल्या सभासदांकडून वर्गणी गोळा करून योजनेविरुद्ध प्रचार केला. ही संस्था डॉक्टरांना परवाना देणारी अधिकृत यंत्रणा होती आणि त्यांचे हितसंबंध जपणारा संघही तीच होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही सी. सी. एफ. विजयी झाला. त्याला विधानसभेत स्पष्ट बहुमत मिळाले. परंतु मते पडली ती सुमारे ४१ टक्के. उरलेली मते तीन विरोधी पक्षांत विभागली होती.

या आकड्यांचा अर्थ सरकारने एका रीतीने लावला आणि डॉक्टरांनी दुसऱ्या. सरकारच्या मते लोकांनी कौल दिला होता. आता उरले होते ते तपशिलाचे काम. म्हणून विद्यापीठाचे माजी अध्यक्ष डब्ल्यू. पी. टॉम्प्सन यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमण्यात आली, तिचा अंतरिम अहवाल सप्टेंबर १९६१ मध्ये आला, ऑक्टोबरमध्ये विधेयक मांडले गेले आणि १७ नोव्हेंबर रोजी त्यास संमती मिळाली. वार्षिक वर्गणी एकट्या व्यक्तीस १२ डॉलर व कुटुंबास २४ डॉलर अशी ठरली. हा सर्व व्यवहार समित्यांच्या व मंत्रिमंडळाच्या पातळीवर झाला. स्विफ्ट करंटमध्ये जे सभांमधून घडले, ते येथे घडविण्याची आवश्यकता कोणाला भासली नाही.

याचे एक कारण पक्षाच्या स्थितीत होते. सोळा-सतरा वर्षांच्या सत्तेनंतर पक्षाचे पुष्कळसे कर्तृत्व सरकारी खात्यांत गेले होते. दुसरे असे की, याच सुमारास सी. सी. एफ. व कामगार संघटना यांच्या एकीकरणातून न्यू डेमोक्रॅटिक पार्टी हा अखिल कॅनडाचा पक्ष स्थापन होत होता. ऑगस्ट १९६१ मध्ये डग्लस त्याचे नेते निवडले गेले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी प्रांताचे मुख्यमंत्रिपद सोडले. त्यांच्या जागी आलेले वुड्रो लॉइड हे मूळचे शिक्षक, दीर्घकाळ शिक्षणमंत्री राहिलेले, निष्ठावान व मितभाषी गृहस्थ होते. कायदा संमत झाला आणि त्याचा सर्वांत प्रभावी वक्ता प्रांतिक राजकारणातून निघून गेला, या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. पुढील वसंत ऋतूत कार्यकर्त्यांची शक्ती संघीय निवडणुकीत खर्ची पडली. आणि १८ जून १९६२ रोजी, कायदा अंमलात येण्यापूर्वी अवघे तेरा दिवस, रेजायना शहरातून डग्लस स्वतः पराभूत झाले.

३. विरोधकांचे संघटन

या साडेसात महिन्यांत विरोधी बाजू मात्र गावोगाव पोहोचली. कॉलेजने विमा आयोगाशी सहकार्य करण्याचे नाकारले. आरंभी अंमलबजावणीसाठी १ एप्रिल ही तारीख ठरली होती, ती सरकारला १ जुलैपर्यंत पुढे ढकलावी लागली. एप्रिलमध्ये कायद्यात दुरुस्ती करून आयोगास रोग्यांचा प्रतिनिधी म्हणून व्यवहार करण्याचा अधिकार देण्यात आला. त्यामुळे डॉक्टरांचा संशय अधिकच बळावला. ३ मे १९६२ रोजी रेजायना येथे जमलेल्या शेकडो डॉक्टरांपुढे लॉइड यांनी भाषण केले. त्यानंतर योजनेबाहेर राहण्याचा प्रश्न विचारला गेला तेव्हा जवळजवळ सारे सभागृह उभे राहिले.

मे महिन्याच्या अखेरीस ‘कीप अवर डॉक्टर्स’ या समित्या निघाल्या. त्यांचा आरंभ काही मातांनी केला होता. आपल्या मुलांचा डॉक्टर प्रांत सोडून जाईल, ही त्यांची भीती खरी होती आणि तिची टवाळी करण्याचे कारण नाही. लहान गावात डॉक्टर एकच असे. प्रसूतीच्या वेळी, अपघाताच्या वेळी त्याचाच आधार असे. आणि त्यानेच जर सांगितले की या कायद्याखाली आपण काम करणार नाही, तर त्या कुटुंबास कायद्याचे तत्त्वज्ञान सांगून काय उपयोग? या स्वाभाविक चिंतेला पुढे व्यापारी वर्गाचे, लिबरल पक्षाचे व प्रमुख दैनिकांचे पाठबळ मिळाले. रोग्याची गोपनीय माहिती सरकारी कारकुनांच्या हाती जाईल, डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य संपेल, असे आक्षेप घरोघर पोहोचविले गेले. आक्षेपांना उत्तरे होती. पण ती उत्तरे घेऊन त्या घरापर्यंत जाणारा माणूस बहुतेक ठिकाणी नव्हता. सरकारी पत्रके ते काम करू शकत नव्हती, कारण प्रश्न माहितीचा नव्हता, विश्वासाचा होता.

१ जुलै रोजी संप सुरू झाला. प्रांतातील सुमारे नऊशे डॉक्टरांपैकी फार मोठ्या बहुसंख्येने दवाखाने बंद केले. निवडक रुग्णालयांत आणीबाणीची सेवा चालू ठेवली गेली. त्याच दिवशी एका शेतकरी कुटुंबाचे नऊ महिन्यांचे मूल डॉक्टर शोधीत असता वाटेतच दगावले. या घटनेचा दोष कोणाकडे, यावर दोन्ही बाजूंनी वाद घातला. परंतु तिने संपाचा अर्थ साऱ्या प्रांतास एका क्षणात समजाविला, यात शंका नाही.

४. पाठीराख्यांची कृती : सामुदायिक दवाखाने

कायद्याला पाठिंबा देणाऱ्या संघटना यापूर्वी नव्हत्या असे नाही. शेतकरी युनियन, कामगार महासंघ व सहकारी चळवळीतील अनेक कार्यकर्ते योजनेच्या बाजूचे होते. परंतु त्यांचा पाठिंबा ठरावांच्या रूपाने होता. संमत झालेल्या कायद्याला पाठिंबा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे त्यांनाही स्पष्ट नव्हते. विरोधकांना सह्या गोळा करता येत होत्या, मोर्चे काढता येत होते; त्यांची मागणी सोपी होती : कायदा मागे घ्या. समर्थकांपुढे अशी मागणी नव्हती, कारण मागितलेले त्यांना मिळाले होते. जुलै महिन्यात या कोंडीतून मार्ग निघाला तो सामुदायिक दवाखान्यांच्या रूपाने.

या दवाखान्यांची रचना सहकारी पद्धतीची होती. गावातील वा शहरातील नागरिकांनी आरोग्यसेवा संघ स्थापावयाचा. सभासदांच्या वर्गणीतून व त्यांनी कर्जाऊ दिलेल्या रकमांतून जागा आणि साहित्य मिळवावयाचे. योजनेखाली काम करण्यास तयार असलेल्या डॉक्टरांना बोलावयाचे. आणि त्यांच्या कामाचा मोबदला विमा आयोगाकडून मिळावयाचा. प्रिन्स अल्बर्ट येथे डॉ. ऑर्व्हिल यर्टस यांनी पुढाकार घेतला. सॅस्काटून येथे ३ जुलै रोजी, म्हणजे संपाच्या तिसऱ्याच दिवशी, डॉ. जोन विटनी-मूर व डॉ. मार्गारेट महूड या दोन स्त्री-डॉक्टरांनी तात्पुरत्या जागेत दवाखाना उघडला. आपल्या व्यवसायबंधूंचा रोष पत्करून काम करणे हे त्या दिवसांत सोपे नव्हते. पाठोपाठ रेजायना व इतर अनेक ठिकाणी संघ निघाले. लंडनमधील प्रांताच्या कचेरीमार्फत ब्रिटनमधून डॉक्टर आणले गेले. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेत काम केलेल्या या मंडळींना सरकारी योजनेचे भय नव्हते, आणि त्यांतील काही या दवाखान्यांत रुजू झाले.

या कृतीचे महत्त्व केवळ वैद्यकीय नव्हते. दवाखान्यांतील डॉक्टर मोजकेच होते, आणि साऱ्या प्रांताची गरज ते भागवू शकत नव्हते. परंतु कायदा चालू शकतो, याचे प्रत्यक्ष प्रमाण लोकांसमोर उभे राहिले. डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये सरकार येईल, या आक्षेपाला उत्तर भाषणाने द्यावे लागले नाही. शेजारचा मनुष्य दवाखान्यात जाऊन आला आणि त्याने घरी येऊन सांगितले. शिवाय मत देऊन मोकळ्या झालेल्या पाठीराख्याला येथे काम मिळाले. सभासद नोंदवावे, जागा रंगवावी, पैसे उभे करावे, संघाची घटना लिहावी, हे शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या परिचयाचे काम होते. म्युनिसिपल डॉक्टर नेमणाऱ्या पिढीची परंपरा अशा रीतीने पुन्हा जागी झाली.

दुसरीकडे विरोधी चळवळीची मर्यादा ११ जुलै रोजी उघड झाली. रेजायना येथे विधानभवनासमोर त्या दिवशी प्रचंड मेळावा भरावयाचा होता. संयोजकांची अपेक्षा तीस ते चाळीस हजारांची होती, पण आले सुमारे चार हजार. संपाच्या दहा दिवसांत मध्यममार्गी नागरिक बिचकले होते. काही वक्त्यांची हिंसेकडे झुकणारी भाषा त्यांना रुचली नाही. विरोधी पक्षनेते रॉस थॅचर यांनी विधानसभेच्या बंद दारास लाथ मारल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, त्यानेही लोकमत सुधारले नाही. मेळाव्याच्या अपयशाचे सारे श्रेय दवाखान्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु संप अभंग राहिलेला नाही, ही जाणीव त्यांनीच निर्माण केली होती.

५. सॅस्काटूनचा करार आणि पाठीराख्यांचे स्थान

जुलैच्या मध्यास ब्रिटिश मजूर पक्षाचे डॉक्टर-उमराव लॉर्ड टेलर मध्यस्थीसाठी आले. सरकार व कॉलेज यांच्यामध्ये ये-जा करून त्यांनी २३ जुलै १९६२ रोजी करार घडवून आणला. ऑगस्टच्या आरंभी विधानसभेने त्यानुसार कायद्यात दुरुस्त्या केल्या.

कराराने कायद्याचा गाभा राखला. सर्वांचा समावेश, सार्वजनिक निधी व सार्वजनिक उत्तरदायित्व ही तत्त्वे कायम राहिली. मोबदल्याच्या पद्धतीत मात्र डॉक्टरांना पुष्कळ सवलती मिळाल्या. आयोगाकडून थेट पैसे घ्यावे, आधीपासून चालत आलेल्या खाजगी विमा संस्थांमार्फत घ्यावे, किंवा रोग्यास बिल देऊन त्याने आयोगाकडून भरपाई घ्यावी, असे पर्याय त्यांना खुले झाले. एप्रिलमध्ये आयोगास मिळालेला रोग्यांच्या प्रतिनिधित्वाचा अधिकार काढून घेण्यात आला व आयोगावर डॉक्टर सभासदांची भर घालण्याचे ठरले. सेवेगणिक शुल्क हीच पद्धत प्रमाण राहिली.

सामुदायिक दवाखान्यांविषयी करारात जे ठरले, ते विशेष विचारात घेण्यासारखे आहे. नागरिकांच्या संघांचे कार्य जागा व साधने पुरविण्यापुरते, म्हणजे जवळजवळ घरमालकाचे, ठरविले गेले. डॉक्टरांना पगारी नेमून रोगप्रतिबंध, औषधे, समाजसेवा व उपचार यांची एकत्रित व्यवस्था करावी, आणि तिचे धोरण सभासदांनी ठरवावे, ही जी कल्पना संघांच्या पुरस्कर्त्यांनी मनाशी बाळगली होती, तिला या मर्यादेने खीळ बसली. वाटाघाटींतील पक्ष दोनच होते. संपाच्या काळात कायदा प्रत्यक्ष चालवून दाखविणाऱ्या नागरिकांना तेथे आसन नव्हते.

याबद्दल लॉइड सरकारला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. प्रांत गृहकलहाच्या उंबरठ्यावर होता. कुटुंबे, चर्चमधील मंडळ्या, सहकारी संस्था दुभंगल्या होत्या. डॉक्टरांना परत कामावर आणणे ही तातडीची गरज होती, आणि नागरिकांचे संघ कितीही उत्साही असले तरी नऊशे डॉक्टरांची जागा घेऊ शकत नव्हते. तरीही या निवडीची किंमत पडली. करारानंतर विरोधाची धार संपली नाही. दवाखान्यांतील डॉक्टरांना अनेक ठिकाणी रुग्णालयांत रोगी दाखल करण्याचा अधिकार नाकारला गेला आणि १९६३ साली न्यायमूर्ती वुड्स यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. बहुतेक लहान गावांतील संघ डॉक्टर व पैसा यांअभावी मावळले. सॅस्काटून, प्रिन्स अल्बर्ट व रेजायना येथील दवाखाने टिकले आणि आजही चालू आहेत.

६. उत्तरकाल व निष्कर्ष

एप्रिल १९६४ च्या निवडणुकीत सी. सी. एफ. चा वीस वर्षांनी पराभव झाला. लोकांनी वैद्यकीय विमा नाकारला, असा याचा अर्थ पुष्कळांनी लावला. आकडे वेगळे सांगतात. पक्षाची मते १९६० मध्ये सुमारे ४१ टक्के होती, ती आता ४० टक्क्यांच्या किंचित वर राहिली. बदल झाला तो विरोधी मतांत : सोशल क्रेडिट पक्ष जवळजवळ नाहीसा झाला आणि लिबरल पक्षाने सी. सी. एफ. च्या बरोबरीची मते मिळवून सत्ता घेतली. म्हणजे कायद्याने आपले पाठीराखे फारसे गमावले नाहीत; परंतु नवे मिळविलेही नाहीत, आणि विरोधकांना मात्र एकत्र आणले.

तथापि थॅचर मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी कायदा रद्द केला नाही. दोन वर्षांत योजना लोकांच्या अंगवळणी पडली होती. डॉक्टरांची प्राप्तीही निश्चित झाली होती. १९६८ मध्ये त्यांच्या सरकारने रोग्यांवर सेवाशुल्क बसविले. १९७१ मध्ये ॲलन ब्लेकनी यांच्या नेतृत्वाखाली न्यू डेमोक्रॅटिक पार्टी सत्तेवर आल्यानंतर ते उठले. दरम्यान सस्कॅचेवनचेच एमेट हॉल यांच्या शाही आयोगाने १९६४ साली साऱ्या देशासाठी अशा योजनेची शिफारस केली. १९६६ मध्ये संघीय कायदा झाला व १९७१ पर्यंत दहाही प्रांत त्यात सामील झाले.

या यशामुळेच प्रारंभीच्या झगड्याची स्मृती एका व्यक्तीभोवती केंद्रित झाली. २००४ साली कॅनडाच्या आकाशवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने घेतलेल्या लोकमत चाचणीत डग्लस यांना सर्वश्रेष्ठ कॅनेडियन म्हणून निवडण्यात आले. त्यांची थोरवी मान्य करूनही असे म्हणावे लागते की, १९६२ च्या जुलैत कायदा तरला तो ते सत्तेवर नसताना. त्याचे श्रेय लॉइड यांच्या धीराला आहे, आणि त्याचबरोबर ज्यांनी भाड्याच्या खोल्या झाडून दवाखाने उघडले त्या नागरिकांनाही आहे.

सस्कॅचेवनच्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. निवडणुकीतील कौल हा कायद्याचा जन्माधार असतो. त्याच्या पहिल्या संकटात तो आपोआप संघटित पाठबळ होत नाही. पाठीराखे एकत्र येतात ते संमतिदर्शनासाठी नव्हे, तर कायद्याने काही करावयास दिल्यामुळे. आणि ते काम त्यांच्या जुन्या सामुदायिक सवयींशी जुळणारे असेल तरच टिकते. तिसरी गोष्ट अशी की, ज्यांच्या संघटनामुळे कायदा वाचतो, त्यांना तडजोडीच्या वेळी स्थान मिळतेच असे नाही, आणि ते न मिळाल्यास वाचलेल्या कायद्याचे स्वरूप बदलते. सस्कॅचेवनमध्ये उपचारांचा खर्च समाजाने उचलला. उपचारांच्या व्यवस्थेवर समाजाचे नियंत्रण असावे, हा त्या चळवळीचा दुसरा अर्धा हेतू मात्र तीन-चार दवाखान्यांच्या भिंतींआड राहिला. कॅनडातील आरोग्यव्यवस्थेवरील पुढील वादांचे मूळ शोधणाऱ्या अभ्यासकास २३ जुलै १९६२ च्या कराराकडे पुन्हा यावे लागते, ते याच कारणासाठी.